अंगात न आलेली देवी

कोल्हापुरात राजारामपुरीच्या आठव्या गल्लीत एक इमारत आहे. तिच्या तळमजल्यावर अकरावी-बारावीचे क्लास, पहिल्या मजल्यावर दातांचा डॉक्टर आणि दुसऱ्या मजल्यावर 'समुपदेशन केंद्र' अशी पाटी. त्या पाटीखालच्या बाकड्यावर एका बुधवारी विठाबाई येऊन बसली, तेव्हा तिच्या पिशवीत एक नारळ, दोन लिंबं आणि हळदकुंकवाची पुडी होती. कुणाकडं काही विचारायला जायचं तर रिकाम्या हातानं जायचं नसतं, हा रिवाज ती चांगला जाणून होती. जाणून असणारच. गेली अठ्ठावीस वर्षं लोक तिच्याकडं नारळ घेऊनच येत होते.

विठाबाईचं वय एकसष्ट. टेंबलाईच्या टेकडीच्या अंगाला एक वसाहत आहे, तिथं दोन खोल्यांत ती, मुलगा आणि सून अनुजा राहतात. रोज पहाटे उठून ती दीडशे भाकऱ्या थापते आणि दोन मटणाच्या खानावळींना पोचवते. भाकरी अशी, की पुण्याचं गिऱ्हाईक रस्सा संपला तरी नुसती खात बसतं. आवाजाचं मात्र विचारू नये. घरात ती सुनेच्या कानाशी लागून एखादी गुप्त गोष्ट सांगायला लागली, की समोरच्या घरातली माणसं टीव्हीचा आवाज कमी करायची. त्यामुळं वसाहतीत विठाबाईचं असं एकही गुपित नव्हतं. एक सोडून.

ते गुपित शुक्रवारचं होतं. दर शुक्रवारी संध्याकाळी विठाबाईच्या अंगात यल्लमा यायची. परडी पुढ्यात ठेवायची, केस मोकळे सोडायचे, कपाळाला भंडारा लावायचा. आधी तळपाय गरम व्हायचे, मग ती ऊब पोटऱ्यांतून वर चढायची, मानेवरचे केस उभे राहायचे आणि त्यापुढचं विठाबाईला काही ठाऊक नसायचं. बायका देवीला विचारायच्या. पोराला नोकरी कधी लागेल, चोरीला गेलेली मोटारसायकल कुठल्या दिशेला आहे, जावेनं करणी केली आहे की ती जात्याच तशी आहे. देवी सगळ्यांना 'लेकरा' म्हणून उत्तरं द्यायची. अर्ध्या तासानं विठाबाई भानावर आली, की घाम पुसत पहिला प्रश्न करायची, आई काय म्हणाली गं? मालिकेचा भाग चुकलेल्या बाईसारखी ती सगळं इतरांकडून ऐकून घ्यायची आणि तिलाच आश्चर्य वाटायचं.

हे खरं की खोटं, हा वाद घालायला आपल्याला इथं कुणी बोलावलेलं नाही. विठाबाईपुरतं ते खरं होतं, आणि तिनं त्यातून कधी नारळाच्या वर काही घेतलं नाही.

तर आठ महिन्यांपूर्वी ही देवी यायची बंद झाली. त्या शुक्रवारी सगळं नेहमीसारखं मांडलेलं. पंधराएक बायका बसलेल्या. विठाबाईनं डोळे मिटले, बायकांनी 'उदं गं आई उदं' केलं, आणि विठाबाईला आठवलं काय, तर गॅसवर दूध तसंच राहिलंय. तळपाय गार ते गारच. पाच मिनिटं झाली, दहा झाली. बायका वाट बघतायत. पाहुण्यांना जेवायला बसवून भात कच्चा राहावा तशी तिची गत झाली. शेवटी लाजेकाजेस्तव तिनं अंग हलवलं, केस भिरकावले, हुंकार दिला आणि जे तोंडाला येईल ते बोलली.

पुढच्या शुक्रवारीही तेच, त्याच्या पुढच्याही. पूर्वी देवी बोलायची आणि विठाबाईला ठाऊक नसायचं. आता विठाबाई बोलत होती आणि देवीला ठाऊक नव्हतं. उत्तरं देताना ती मनात म्हणायची, मोटारसायकल उत्तरेला म्हणाले, ती दक्षिणेला निघाली तर? गुरुवारपासूनच छातीत धडधड सुरू व्हायची, झोप उडायची, आणि जन्मात कधी न झालेली गोष्ट म्हणजे तव्यावर टाकताना भाकऱ्या मोडायला लागल्या. खानावळवाल्यानं एक दिवस विचारलं, मावशी, पीठ बदललं काय. तो प्रश्न तिला शिवीसारखा लागला. डॉक्टरांनी छातीची पट्टी काढली, ती सरळ आली. त्यांनी चिठ्ठीवर औषधाऐवजी समुपदेशन लिहून दिलं. अनुजा राजारामपुरीत औषधाच्या दुकानात कामाला होती, तिला ती पाटी माहीत होती. सासूला ती म्हणाली, तिथं मनातलं बोलायचं असतं. विठाबाईच्या मनात आलं, मनातलंच बोलायचं तर गल्लीत काय वाईट होतं? पण गल्लीत बोलण्यासारखं हे नव्हतंच.

आत गेल्यावर तिची पहिली निराशा झाली. कुणीतरी पोक्त, भारदस्त बाई असेल असं तिला वाटलं होतं. खुर्चीत बसली होती अठ्ठावीस-एकोणतीस वर्षांची पोरगी, आणि चेहऱ्यावरून दिसत होतं की तिनं सकाळपासून काही खाल्लेलं नाही. टेबलावरच्या पाटीवर नाव होतं, आफशीन मुजावर. विठाबाई चौथीपर्यंत शिकलेली, तिनं ते जुळवून वाचलं आणि तिला जरा बरं वाटलं. मुजावर म्हणजे दर्ग्याच्या माणसांतली पोर. अंगात येणं म्हणजे काय हे हिला पहिल्यापासून समजावून सांगायला नको.

तिनं पिशवीतून नारळ काढून टेबलावर ठेवला. आफशीन म्हणाली, मावशी, इथं असं काही आणायचं नसतं. विठाबाई म्हणाली, आणायचं नसलं तरी आणलंय, आता परत न्यायचं नसतं. थोडा वेळ नारळ दोघींच्या मध्ये राहिला. मग आफशीननं तो उचलून फायलींच्या कपाटावर ठेवला, कारण दुसरीकडं कुठं ठेवावा हे तिला कुठल्या अभ्यासक्रमात शिकवलं नव्हतं.

"सांगा मावशी, काय होतंय?"

"आई यायची बंद झालीया," विठाबाई म्हणाली. "तेवढी परत आणा."

आफशीनचं पेन थांबलं. तिच्याकडं आजवर आलेली माणसं उलट मागणी घेऊन यायची. बायको घुमते, ते थांबवा. आईच्या अंगात येतं, आम्हांला लाज वाटते. अंगातलं गेलं म्हणून तक्रार घेऊन आलेली ही पहिलीच बाई. आफशीन खोटं बोलली नाही. देवीला आणणं किंवा घालवणं दोन्ही आपल्याला येत नाही, पण ती नसताना तुमचं काय होतंय ते बघू, असं तिनं सांगितलं. विठाबाईला हे उत्तर अर्धवट वाटलं, पण एक गोष्ट तिला पटली. येत नाही ते येत नाही म्हणाली. हे आपल्याला आठ महिन्यांत एका शुक्रवारी जमलं नव्हतं.

तरी धंद्यातली जाणकार म्हणून विठाबाईचे आक्षेप होतेच. घरी जाताना ती न्यायला आलेल्या अनुजाला ते जोरजोरात सांगत गेली. ही पोर सांगत काहीच नाही, नुसती विचारते. असं कसं वाटलं, तसं का वाटलं. आपण विचारायला जायचं आणि उत्तरंही आपणच द्यायची. मी असं केलं असतं तर दुसऱ्या शुक्रवारी दारात कुत्रंसुद्धा फिरकलं नसतं. अनुजानं आठवण करून दिली, की हे सगळं रिक्षावालाही ऐकतोय. विठाबाई म्हणाली, ऐकू दे की, त्यालाबी शहाणपण येईल.

पण पुढच्या बुधवारी ती गेली. नारळ होताच, शिवाय फडक्यात बांधून दोन भाकऱ्या आणि लसणाची चटणी, कारण पोरगी उपाशी राहून दुसऱ्यांची दुःखं ऐकते हे तिला बघवलं नव्हतं. त्या दिवशी आफशीननं तिला श्वास शिकवला. चार मोजेपर्यंत आत, सहा मोजेपर्यंत बाहेर, सावकाश. विठाबाईनं तीन-चारदा केला आणि डोळे उघडून तक्रार केली. देवीला बोलवायचं तर श्वास भराभरा घ्यायचा असतो, आणि ही नेमकं उलटं शिकवतेय. अशानं ती जवळपास असली तरी लांब जाईल. आफशीन म्हणाली, धडधडीपुरता करून बघा, देवीचं नंतर पाहू. गुरुवारी विठाबाईनं तव्यापुढं उभं राहून करून पाहिला. चार आत, सहा बाहेर. दीडशेतल्या बाराच मोडल्या. आदल्या आठवड्यात तीस मोडल्या होत्या.

तिसऱ्या बुधवारी आफशीननं साधाच प्रश्न विचारला. देवी शेवटची खरी आली, त्या दिवसांत घरात काय चाललं होतं? खाली क्लासमध्ये कुणीतरी गणित शिकवत होतं, त्याचा आवाज वर येत होता. कोल्हापुरात ज्या बाईचा आवाज चार घरं ओलांडून जायचा, तिचा शब्द टेबलापलीकडं पोचेना.

तिला बनाबाई नावाची धाकटी बहीण होती. गडहिंग्लजकडं दिलेली. वर्षापूर्वी तिच्या पोटात दुखायला लागलं. ती बसनं आली, शुक्रवारी परडीपुढं बसली आणि इतर बायकांसारखं तिनंही देवीला विचारलं. देवीनं सांगितलं, भंडारा पाण्यातून घे, पाच शुक्रवार धर, बरं वाटेल. विठाबाईला हे नंतर बायकांकडूनच कळलं. बनाबाईनं भक्तीनं पाचाचे दहा केले. मग एक दिवस तिला उठवेना, तेव्हा विठाबाई तिला घेऊन दवाखान्यात धावली. तिथं फुकट उपचाराच्या सरकारी योजनेसाठी रेशन कार्ड लागतं हे कुणाला माहीत? कार्ड गावी राहिलेलं. ते आणण्यात एक दिवस गेला. डॉक्टर नंतर म्हणाले, त्या एका दिवसानं काही झालेलं नाही, आधीचे महिने गेले ते गेले. मार्गशीर्षात बनाबाई वारली. दिवसकार्य उरकून विठाबाई पुढच्या शुक्रवारी परडीपुढं बसली, तेव्हाच देवी आली नाही.

"माझ्या तोंडानं सांगितलं तिनं," विठाबाई म्हणाली. "तोंड माझं हाय न्हवं? मला तर आठवतबी न्हाय. माझीच भैन, आणि मी तिला काय बोललो ते मला दुसऱ्यांनी सांगाय लागलं."

कोल्हापूरच्या बायका स्वतःबद्दल 'मी बोललो, मी गेलो' असंच बोलतात, आफशीनही घरी तशीच बोलायची. तिनं पाण्याचा ग्लास पुढं सरकवला. विठाबाई पहिल्यांदा रडली, आणि तेही गपचूप. बऱ्याच वेळानं आफशीननं विचारलं, राग कुणावर आहे? विठाबाई म्हणाली, आईवर. मग म्हणाली, आईवर राग धरला म्हणून ती येत नाही. मग म्हणाली, ती नाहीच असं म्हणावं तर अठ्ठावीस वर्षं मी काय करत होते, आणि आहे म्हणावं तर बनाबाईला तिनं असं का सांगितलं? या तिन्ही गोष्टी तिनं एका दमात सांगितल्या आणि मोठ्या अपेक्षेनं आफशीनकडं बघितलं. आफशीन म्हणाली, याचं उत्तर माझ्याकडं नाही मावशी. माझ्या दादीच्या डोळ्यांदेखत दर्ग्यात किती जण बरे होऊन गेले, आणि तिचा स्वतःचा मुलगा गेला. तीसुद्धा हेच विचारत राहिली. विठाबाईनं विचारलं, मग तिनं दर्ग्यात जायचं सोडलं का? आफशीन म्हणाली, नाही. पण नंतर कुणी आजारी माणूस आला, की ती आधी विचारायची, डॉक्टरला दाखवलं का.

विठाबाई त्या दिवशी रिक्षात एक शब्द बोलली नाही. अनुजाला काळजी वाटली.

चौथ्या बुधवारी कपाटावर चौथा नारळ गेला आणि विठाबाई बसायच्या आधीच बोलायला लागली. वसाहतीत क्रांती नावाची एक बाई होती, अडतीस वर्षांची, शिवणकाम करणारी. नवरा ट्रकवर, महिन्यातून चार दिवस घरी. तिच्या छातीत गाठ आली होती. तीन महिने झाले. डॉक्टर म्हणाले, तपासून घ्या, बहुतेक काढावी लागेल. क्रांतीनं ठरवलं होतं, की देवीनं कौल दिला तर जायचं, नाही तर नाही. दोन शुक्रवार ती आली होती, आणि दोन्ही वेळेला विठाबाईनं काहीतरी निमित्त काढून बैठक लवकर मोडली होती. आता परवा ती पुन्हा येणार होती.

विठाबाईची सगळी पंचाईत इथं होती. देवी येत नाही हे कबूल करावं, तर क्रांती म्हणणार, आई येईपर्यंत थांबते. आणि थांबली तर तिची बनाबाई होणार. घुमायचं सोंग करून जा म्हणून सांगावं, तर ते देवीच्या नावावर धडधडीत खोटं. आजवर मोटारसायकलीवर खोटं बोलले, हे जिवावरचं होतं.

"सरळ सांग पोरी," ती म्हणाली. "खोटं घुमू, का खरं सांगू?"

आफशीननं पेन खाली ठेवलं. त्या बाईनं लवकरात लवकर दवाखान्यात जायलाच पाहिजे, एवढं ती ठामपणे बोलली, आणि तिच्या तोंडून इतकं ठाम वाक्य विठाबाई पहिल्यांदाच ऐकत होती. मग ती पुन्हा आपल्या वळणावर आली. देवीचं बाजूला ठेवा, म्हणाली, विठाबाईला क्रांतीला काय सांगायचंय?

"जा म्हणून. उद्याच्या उद्या जा. मी येतो संगं."

"मग ते सांगा. कुठल्या आवाजात सांगायचं ते तुमचं तुम्ही ठरवा."

हे उत्तर झालं की प्रश्न, यावर विठाबाई गुरुवारभर भाकरी थापत विचार करत होती. शेवटी तिनं ठरवलं, खरं सांगायचं. केस सोडायचेच नाहीत. अंबाडा घट्ट बांधूनच परडीपुढं बसायचं आणि म्हणायचं, बायांनो, आई येत नाही.

शुक्रवारी अंबाडा बांधूनच ती बसली. बायकांना वाटलं, वेळ आहे अजून. क्रांती सगळ्यांत पुढं, पदर घट्ट लपेटून. विठाबाई तोंड उघडणार तोच क्रांती म्हणाली, मावशी, आज आईला बोलवाच. आईनं सांगितलं तर जाईन, नाही तर आता विचारणारही नाही. आणि तिनं नजर वर केली. बनाबाईही अशीच, नेमकी तिथंच बसली होती.

विठाबाईचा हात आपोआप अंबाड्याकडं गेला.

घुमली ती. अशी घुमली, की आठ महिन्यांतली सगळी सोंगं त्यापुढं फिकी पडावीत. परडी हलली, भंडारा उडाला, मागच्या बायकांनी पोरांना मांडीवर ओढून घेतलं. तळपाय मात्र फरशीवर गार होते. तिनं क्रांतीच्या डोक्यावर हात ठेवला आणि देवीच्या घोगऱ्या आवाजात सांगितलं, लेकरा, सोमवारी दवाखान्यात जा, चालढकल करू नको. इथवर सगळं रीतीला धरून झालं. इथंच थांबली असती तर देवीची अब्रू राहिली असती. पण क्रांती हुंदका देऊन म्हणाली, आई, मला भ्या वाटतंय, एकटीला जमायचं न्हाय. आणि विठाबाईच्या तोंडाचा ताबा सुटला.

"एकटी कशाला?" देवी म्हणाली. "सोमवारी नऊला मी येतो की संगं. रिक्षानं जाऊ. आधार कार्ड घे. रेशन कार्ड आठवणीनं घे, मूळ घे, नुसत्या झेरॉक्सवर भागत न्हाय."

आत स्वयंपाकघरात अनुजानं ओढणीचा बोळा तोंडात कोंबला. विठाबाईला कळलं काय झालं ते, पण आता केस मोकळे होते आणि मान हलत होती, माघार घ्यायला जागा नव्हती. तेवढ्यात मागून एका म्हातारीनं हात जोडून विचारलं, आई, पॅन कार्डबी लागंल काय? पॅन कार्ड लागत न्हाय, देवी म्हणाली. म्हातारीनं 'उदं' केलं, मग सगळ्यांनीच केलं. देवीला सरकारी योजनेची कागदपत्रं तोंडपाठ आहेत, यात वसाहतीला काही वावगं वाटलं नाही. उलट दोघीतिघींनी घरी जाऊन आपापली रेशन कार्डं कुठं आहेत ते बघून ठेवलं.

सोमवारी नऊला रिक्षा आली. रांग, खिडकी, पुन्हा रांग. विठाबाईच्या पिशवीत मूळ कार्डं, झेरॉक्स, पाण्याची बाटली आणि चार भाकऱ्या. खिडकीवरचा माणूस कागद मागायला तोंड उघडायचा आणि त्याआधीच कागद त्याच्या हातात. सुई घालून तपासणी झाली.

बुधवारी तिनं हे सगळं आफशीनला सांगितलं. आधार कार्डापर्यंत आफशीननं कसंबसं हसू धरून ठेवलं. पॅन कार्डाला ती फुटली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली, मग एकदम भानावर येऊन माफी मागायला लागली, समुपदेशकानं असं हसायचं नसतं म्हणून. विठाबाई म्हणाली, हस की, चार आठवड्यांत पहिल्यांदा माणसासारखी दिसलीस. पण तिच्या मनात एक सल होताच, आणि तो तिनं विचारला. आईच्या नावावर खोटं बोलले, हे पाप आहे की नाही?

"ते मला ठरवता येत नाही मावशी," आफशीन म्हणाली. "एक सांगा. रेशन कार्ड कोण म्हणालं?"

"मीच की. दुसरं कोण म्हणणार?"

"मग तेवढं तरी खरं होतं."

अहवाल आला. गाठ वाईट होती, पण लवकर हाती लागली होती. गणपती झाल्यावर ऑपरेशनची तारीख मिळाली. मधल्या शुक्रवारी विठाबाईनं परडी मांडली, दिवा लावला आणि कुणी काही विचारायच्या आत सांगून टाकलं, की सध्या आईला त्रास द्यायचा नाही, काय असेल ते मला विचारा. हे पूर्ण खरं नव्हतं, पण खोटंही नव्हतं. निम्म्या बायका पुढच्या शुक्रवारी आल्या नाहीत. ज्या आल्या त्यांना तिनं आपल्याच आवाजात उत्तरं दिली, आणि तो आवाज देवीच्या आवाजापेक्षा मोठा असल्यामुळं न आलेल्यांनाही ती घरबसल्या मिळाली. गुरुवार रात्रीची धडधड पूर्ण गेली होती असंही नाही. कधी यायची, कधी नाही.

ऑपरेशनच्या दिवशी क्रांतीचा नवरा खाली कागद भरायला गेला होता. क्रांतीला हिरवा झगा घातलेला, ढकलगाडीवर झोपवलेलं. विठाबाई उशाशी उभी होती. आत न्यायला अजून पाचेक मिनिटं होती.

"मावशी," क्रांती म्हणाली. "एक सांगू? त्या शुक्रवारी आई आल्याच नव्हत्या."

या वाक्याला विठाबाई इतके महिने भीत होती. कधी ना कधी कुणीतरी म्हणणार, भर बैठकीत म्हणणार, आणि आपण काय उत्तर द्यायचं, हे तिनं पन्नास तऱ्हांनी घोकून ठेवलं होतं.

"कशावरनं?" तिनं विचारलं.

"आई आल्या की तुमचा हात कढत लागतोय. त्या दिवशी माझ्या डोक्यावरचा हात गार होता."

"मग आलीस कशाला माझ्या मागनं?"

"आई 'जा' म्हणून सांगत्यात आणि निघून जात्यात," ती म्हणाली. "तुम्ही 'येतो' म्हणालासा."

वॉर्डबॉयनं गाडी ढकलली. दार दोन्ही बाजूंनी उघडलं आणि मिटलं. विठाबाई त्याच्यासमोरच्या बाकड्यावर बसली. तिला रडायला येत होतं आणि हसायलाही, आणि दोन्ही करायला ती जागा बरी नव्हती. पिशवी मांडीवर घेऊन तिनं डोळे मिटले. चार मोजेपर्यंत आत, सहा मोजेपर्यंत बाहेर. बनाबाई डोळ्यांपुढं आली. आज पहिल्यांदाच ती परडीपुढं बसलेली नव्हती. माहेरच्या अंगणात बसून विठाबाईच्याच ताटातली भाकरी तोडून खात होती. चार आत, सहा बाहेर.

किती वेळ गेला कोण जाणे. विठाबाईचे तळपाय गरम झाले.

आधी तिला वाटलं, फरशीवर ऊन आलं असेल. डोळे उघडून बघितलं, ऊन नव्हतं. ऊब पोटऱ्यांपर्यंत चढली. मानेवरचे केस उभे राहिले. जिच्यासाठी तिनं नारळामागून नारळ एका मुसलमान पोरीच्या कपाटावर नेऊन ठेवले होते, जिच्यावर रुसली होती, जिच्या नावानं खोटं बोलली होती, ती अगदी दाराशी येऊन उभी राहिली. फक्त डोळे मिटायचे होते, अंग सैल सोडायचं होतं. पुढचं काही ठाऊकसुद्धा राहिलं नसतं.

विठाबाईनं दोन्ही पाय फरशीवर घट्ट रोवले.

"हितं नको," ती पुटपुटली. तिचं पुटपुटणं ते, बाजूच्या दोन बाकड्यांवरची माणसं वळून बघायला लागली. "माझ्या अंगात येऊ नको आता. आत जा. त्या पोरीजवळ जाऊन बस. हितलं मी बघतो."

ऊब थोडी रेंगाळली. मग पोटऱ्यांतून उतरली, पावलांतून गेली आणि तळपायाला फरशीचा गारवा लागला. विठाबाईनं पदरानं तोंड पुसलं आणि ती दाराकडं बघत बसली.

बाराच्या सुमाराला दार उघडलं. एक नर्स कागद हातात घेऊन बाहेर आली आणि तिनं विचारलं, क्रांतीबरोबर कोण आहे?

"मी हाय की," विठाबाई म्हणाली, आणि पिशवीतलं रेशन कार्ड चाचपत उठली.